सात रात्री, जेवणासकट

मंगळवारी मध्यरात्रीनंतर तिकिटं उतरतात,
असं कामावरची फातू सांगते.
रविवारी पहाटे, असं एव्हर्ट, आमचा मुकादम.
दोघंही कधी कुठे गेलेले नाहीत.

मी मात्र जागते.
रॉटरडॅम, तिसरा मजला, बाहेर नोव्हेंबर,
दिवसभर कचेऱ्यांच्या फरश्या पुसून
सालं निघालेल्या बोटाने मोबाइलवर
तारखा पुढे ढकलत.
चौदा डिसेंबर: सहाशे बारा युरो.
पंधरा: सहाशे चाळीस.
परत मागे येऊन चौदा: सहाशे एकोणसत्तर.
नुसतं वळून बघितलं तरी त्यांना कळतं
गरज कुणाची आहे ते.

लिस्बनवरून जावं, तर अकरा तास बाकावर.
नुसती पाठीवरची पिशवी घेऊन जावं, तर स्वस्त;
पण साल बेटावर रिकाम्या हाताने
कोणती मुलगी घरी गेलीय?
निल्झाला बूट, तिच्या पोराला रंगपेटी,
मावशीला गुडघ्याचं मलम,
आणि डोक्याएवढं गोल चीज.
काट्यावर आधी मी एकटी उभी राहते,
मग बॅग उचलून.
वजाबाकी करते. तेवीस किलो.
माझ्या मायेला तेवढीच परवानगी आहे.

अशातच ती जाहिरात आली.
पांढरी वाळू, उताणी पडलेली बाई,
सात रात्री, समुद्रासमोरची खोली, जेवण, दारू,
जाणं-येणं धरून चारशे ऐंशी.
बेट माझंच.
त्या बाईने ज्या खडकावर टोपी ठेवलीय
तिथे बसून आम्ही मासे साफ करायचो.

दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा.
नुसतं विमान सहाशेच्या वर.
विमान, बिछाना आणि समुद्र मिळून चारशे ऐंशी.
परक्याला माझं घर स्वस्त पडतं.
बरं, म्हटलं,
परकी होऊन जाते.

मनगटावर निळा पट्टा बांधणारा पोरगा
इंग्रजीत स्वागत म्हणाला.
मी आमच्या क्रिओलमध्ये विचारलं, तू कुणाचा रे?
त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे.
कशावर विश्वास ठेवायचा ते ठरेना,
म्हणून त्याने मला पेरूचं सरबत दिलं.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक.
चौथा मजला निल्झाकडे होता.
गणवेश, ढकलगाडी, छातीवर नावाची पट्टी,
जणू मी तिचं नाव विसरले असेन.
आधी तिने दार लावून घेतलं,
मग मिठी मारली.
मग लगेच चादर ओढायला लागली. मी दुसरं टोक धरलं.
चारी कोपरे एका दमात.
हे काम आम्हा दोघींना झोपेतही येतं.
टॉवेलचा हंस करायला बसली, तेव्हा म्हटलं, राहू दे गं.
म्हणाली, नियम आहे.

त्यांच्या नळाला तीन दिवस पाणी नव्हतं.
ते तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही,
न्हाणीघराकडे बघत बघत सांगितलं.
मी टब भरायला सोडला.
खोल्या राहिल्यात अजून सहा, ती म्हणाली.
तुझी गाडी दे, मी म्हणाले.

चारशे अठरा नंबरमध्ये मी वाळू झाडत होते
तेव्हा एक लाल पडलेला डच माणूस आत आला.
टॉवेल हवे होते, दोन दिले.
घेताना त्याची नजर माझ्या मनगटावर गेली,
मग स्वतःच्या.
तोच निळा पट्टा.
काहीतरी पुटपुटला आणि
अर्धवट झाडलेल्या खोलीतून परत निघून गेला.

मी आले तेव्हा निल्झा गळ्याइतक्या पाण्यात होती,
गणवेश घडी करून बेसिनवर,
हंस तसाच, एका पंखाचा.
डोळे न उघडता तिने विचारलं,
कितीला पडलं तुला हे सगळं?

चारशे ऐंशी, मी सांगितलं.

तिचे ओठ हलले.
पगाराने भागत असावी.
मग नाक चिमटीत धरून
ती पाण्याखाली गेली,
आणि बराच वेळ
वर आलीच नाही.