चतुःसीमा

नवे आम्फोसाहेब म्हणाले, दारातली पाटी गंजलीय,
लोकसंख्येतले दोन आकडे गळून पडलेत.
नवी लिहून द्या, सुनथारी. भूगोल, इतिहास, प्रशासन.
शुक्रवारपर्यंत.

बसले लिहायला.
पूर्वेस ओढा, हुआय सालाओ. पावसाळ्यात तो हद्द असतो,
मार्चनंतर नुसती वाळू,
आणि पलीकडच्या आम्फोच्या म्हशी
कसलाही कागद न दाखवता इकडे चरून जातात.
उत्तरेस डोंगर, वनखात्याचा.
अळंबी उगवतात ते तीन आठवडे सोडून.
दक्षिणेस डांबरी रस्ता, टॅपिओकाचे काप वाळवायचं खळं
आणि त्याचा आंबूस वास, जो आता आम्हाला येत नाही.
पश्चिमेस पाणी.

इथं पेन थांबलं. म्हटलं, आधी इतिहास उरकू.

आम्ही पूर्वी आम्फो नव्हतो, 'किंग' होतो.
किंग म्हणजे आमच्याकडे फांदी. पोटतालुक्याला तोच शब्द.
अकरा वर्षं फांदी होतो,
मग एका सकाळी प्रांताच्या गावाहून कागद आला
आणि आम्ही झाड झालो.
डुक्कर कापलं, भोंगे लावले,
शाळेच्या मुलांना उन्हात उभं करून भाषण ऐकवलं.
कार्यालय तेच, तीन खोल्यांचं, छत गळतं.
पाटीवरचा एक शब्द तेवढा रंगानं बुजवला,
तिरप्या उन्हात तो अजून वाचता येतो.

प्रशासन. ताम्बोन चार, गावं तीस.
किंवा एकतीस.
गावांना आम्ही नाव देतो आणि नंबरही,
आणि नोंग क्राबाक ताम्बोनात
मू सहानंतर एकदम मू आठ येतं.
साहेबांनी भुवया उंचावल्या : टायपिंगची चूक?
नाही साहेब. मू सात धरणात आहे.
२५१२ सालापासून.

बासष्ट घरं होती. एकसष्ट नोंदी हलवल्या,
कुणाची मू बारात, कुणाची थेट बँकॉकला.
राहिलं घर क्रमांक चौदा. राहणार आजी फिउ, वय एक्याऐंशी,
झोपते भाचीकडे, पण नाव हलवू देत नाही.
दरसाल आम्ही पत्र काढतो.
कामनान लुआन ते मोटरसायकलवरून स्वतः नेतात,
तिच्याकडे चिकट भात आणि मिरचीची चटणी खातात
आणि पत्र खिशात तसंच घेऊन परत येतात.
पोचपावतीच्या जागी बोटांचे तेलकट ठसे.

या एप्रिलला पाणी कधी नव्हे इतकं उतरलं.
साहेब म्हणाले, प्रत्यक्ष पाहणी करू, विषय संपवू.
होडीत आम्ही चौघं. आजी पुढं, छत्री उघडून,
वाट तिलाच ठाऊक. डावीकडे घे, म्हणाली नावाड्याला,
इथं विहीर आहे.

चिखलात घराचे खांब उभे होते. नऊपैकी सहा.
त्यांच्यावर शिंपले, एका खांबाला तुटकं जाळं.
आजी उतरली, गुडघ्यापर्यंत रुतली, चार पावलं चालली
आणि एका जागी थांबून
चिखलातूनच तिनं पायातल्या रबरी चपला उपसून काढल्या,
शेजारी शेजारी नीट ठेवल्या,
मग आत गेली.

साहेब होडीच्या काठावर बसून राहिले.
फॉर्म मांडीवर. बराच वेळ.
मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

या, आजी म्हणाली. जेवलात का?

रकाना सहा : नोंदवलेल्या पत्त्यावर व्यक्ती आढळली काय?
अक्षर साहेबांचं आहे. ओलं होतं म्हणून जरा पसरलंय.

आज रंगारी आलाय. अक्षरामागे पैसे घेतो,
म्हणून सगळं आधी विचारून घेतो.
गावं किती लिहू बाई, तीस?
मी खिडकीतून पश्चिमेला पाहते.
मेचा तिसरा आठवडा, डोंगरावर कालच पाऊस झालाय,
खांब आता चारच दिसत असतील.
एकतीस लिही, म्हणते.
एका आकड्याचाच फरक आहे, तेवढ्याच पैशात होईल.