ओलं फडकं

काडेपेटीएवढं यंत्र, पांढरं,
दर दहा मिनिटांनी हवेचा ताप लिहून ठेवणारं.
नवतपा लागायच्या आदल्या आठवड्यात
टिमकीतल्या चाळीस घरांत आम्ही ती लावली,
घरटी दोन: एक टिनाखाली, एक उशाशी.

गयाबाई निनावेंनी खिळा स्वतःच ठोकला,
वरवंट्यानं.
"हे थंड करते का?"
नाही, नुसतं मोजतं.
"मोजून काय होते बाप्पा?"
याचं उत्तर आमच्या प्रस्तावात साडेतीन पानांचं आहे.
मी म्हटलं, पाणी मिळेल का प्यायला.

पेपरातला आकडा सोनेगावचा असतो.
मोकळं मैदान, पांढरी लाकडी पेटी,
पेटीला झडपा, आत सावलीत तापमापक.
त्या पेटीत कुणी राहत नाही.
इथे भिंती दिवसभर ऊन पितात
आणि रात्री, माणसं आडवी झाली की,
सावकाश ओकतात.

दहाव्या दिवशी तौसीफनं पडद्यावर बोट ठेवलं:
सत्तावीस नंबरच्या घरचा सेन्सर गेला.
बाकीच्या रेषा रात्री सदतिसाच्या आसपास लोळत पडलेल्या,
ही एकटी साडेअकराला धाडकन तेविसावर.
मधेच जरा वर डोकावते, परत खाली.
पहाटे पाचला सगळ्यांच्या रांगेत,
जसं काही झालंच नाही.

नवीन यंत्र पिशवीत घालून गेले.
खिळ्यावर ओल्या फडक्याचं गाठोडं,
तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसं
नीट दुमडून बांधलेलं.

"रातभर तापून राहिलं होतं बिचारं.
मी उठतोच पाणी प्यायले,
तं त्यालेही ओलं करतो."

रागवायला तोंड उघडलं होतं.
फॉर्मवर रकाना आहे: उपकरणाशी छेडछाड, हो/नाही.
पेन तिथे टेकलं आणि
दहावीच्या वर्गातली एक आकृती आठवली,
दोन तापमापक शेजारी शेजारी,
एकाच्या बुडाला ओली चिंधी.

पाणी उडतं तेव्हा उष्णता सोबत नेतं.
माठाचं हेच, वाळ्याच्या ताटीचं हेच,
कातडीचंही.
हवा अंगापेक्षा तापली की
आपल्याकडे दुसरा उपाय नाही:
घाम, आणि तो न्यायला तयार असलेली हवा.
तयार आहे की नाही, ते ओली चिंधी सांगते.
कोरडा आकडा सांगत नाही.

फडकं काढलं नाही.
तौसीफनं वहीत लिहिलं, "घर २७, उशाशी, ओलं. बदलू नये."
गयाबाईंना म्हटलं, रोज असंच करत राहाल?
"म्हणजे नोकरीच झाली. पगार?"
हसल्या. मी हसू की नको, कळेना.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग आले, नुसतेच आले.
पेपरात मथळा: नागपूरकरांना दिलासा.
खरंच, कोरडी रेषा तेहतिसावर उतरली होती.
ओली मात्र चढत चढत एकोणतिसावर.
मे महिन्यात दोघींच्या मधे चौदा अंशांची मोकळी जागा होती,
आता चार.
तेवढ्यातच भागवायचं होतं
टिमकीतल्या सगळ्या घामाला.
कूलर म्हणजे आता आवाज आणि ओलसर गाद्या.

मी आलेखाची प्रत दाखवायला नेली.
गयाबाईंनी ती हातात घेतली,
घडी घालून तिनंच वारा घेत म्हणाल्या,
"मे बरा होता. आता घाम अंगावरून हालत नाही."

शोधनिबंध पाठवला. परवा समीक्षकाचं पत्र आलं, रीतसर:
ओल्या आवरणाचं कापड कोणत्या मानकाचं, धाग्यांची संख्या किती,
कृपया नमूद करावं.

फोन लावला.
"सुती आहे," गयाबाई म्हणाल्या,
"आमच्याच मागावरचं. माग विकला, थान राहिलं होतं थोडं."
मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
"काहून? कमी पडून राहिलं का?"