काट्याची खोली

वेळग्याच्या वाटेवर, खाण बंद पडली तिथं
ट्रक तोलायचा काटा अजून जमिनीत रुतलेला आहे.
बाजूला पत्र्याची केबिन.
कंपनीनं ती पंचायतीला दिली, पंचायतीनं मला.
कुलूप मी घरून आणलं.

साडेसातला वर्ग भरतो.
भरतो म्हणजे
आधी झिलू येतो, बोटांना पंक्चरच्या सोल्युशनचा वास,
मग विश्रांती माईणकर, वय एकेचाळीस,
जिची मुलगी डिचोलीत दहावीला आहे
आणि तांदूळ निवडताना आईला प्रमेय विचारते.
शेवटी आंतोन पोदेर.
तो येतो आणि झोपतो.

मी उठवत नाही.
रात्री दोनला त्यांची भट्टी पेटते.
शाळेची घंटा व्हायची तेव्हा हा
शेवटचे उंडे कुणाच्या तरी फाटकाला अडकवत असायचा.
हजेरीत त्याच्यापुढे चार महिने शून्यं.
ती शून्यं गरम होती,
कुणी हात लावून पाहिला नाही.

मुक्त विद्यालयाच्या अर्जात एक रकाना:
शाळा सोडल्याचे कारण.
पुढे रेघ, बोटाच्या पेराएवढी.
झिलूनं लिहिलं, 'नववी.'
विश्रांतीनं 'लग्न' लिहिलं, खोडलं,
'सासूचं आजारपण' लिहिलं, तेही खोडलं,
मग म्हणाली, बाई, दुसरा कागद द्या, हा घाण झाला.
आंतोननं काहीच लिहिलं नाही.
रेघेवर पिठाचा अंगठा उमटला होता,
मी तेच उत्तर धरलं.

शिवाय दाखला हवा.
आत यायचं तर आधी बाहेर पडल्याचा पुरावा.
विश्रांतीची शाळा पटसंख्येपायी मिटलेली,
कपाट म्हणे सुर्लाला,
किल्ली म्हणे शिपायाकडे,
शिपाई गेल्या चवथीला वारला.
तीन फेऱ्यांनंतर कपाट मागून उचकटलं.
वाळवीनं तिचं माहेरचं आडनाव खाल्लं होतं,
वर्तणूक 'चांगली' तेवढी शाबूत.

मी सांगितलं, विषय एकेक करून देता येतो,
पाच वर्षं, नऊ संधी.
'पाच वर्षं? तोवर मी आजी होईन,'
असं म्हणत तिनं पाचही विषयांपुढे खूण केली.

काल समीकरणं चालली होती.
झिलू मध्येच उठला, बाहेर काट्यावर जाऊन उभा राहिला.
त्याचा बाप सतरा वर्षं इथंच ट्रक चढवायचा.
'भरलेला वजा रिकामा म्हणजे माल,' तो अंधारातून ओरडला,
'एवढंच ना? मग क्ष म्हणजे माल!'
दोन वर्षं ज्यानं त्याला नववीत पाडलं
तो क्ष
बापाच्या ट्रकात ताडपत्रीखाली होता,
लाल, ओला, साडेदहा टन.

विश्रांतीही पदर खोचून काट्यावर चढली.
तबकडी हलली नाही.
वीज कधीच तोडलेली,
आणि चालू होता तेव्हाही
क्लीनरला आधी खाली उतरवायचे,
माणूस वजनात धरत नसत.

दोघं तरीही उभी होती बराच वेळ.
पलीकडे डंपावर काजवे,
की कुणी बॅटरी घेऊन चाललं होतं, कळलं नाही.

आंतोन जागा झाला.
'टीचर, कितलीं वाजलीं?'
नऊ.
त्यानं बोटांवर मोजलं, दोनपर्यंत पाच,
त्यातून घरी जायचा अर्धा वजा केला,
डोळे चोळले, पुस्तक सरळ केलं.
पान कितवं, म्हणाला.