८०८० वर कोण बसलंय

नवं मशीन जळालं. लाइट आली ती थेट तीनशे व्होल्ट घेऊन,
करपल्याचा वास अजून पडद्यात आहे.
म्हणून जिन्याखालचं जुनं ओढलं पुढे,
जे कधी कुणी बंद केलं नाही,
कारण ते चालू आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

धंतोली, रात्रीचे अडीच. मे महिना.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता पंखा बोलतोय.
साडेसहाला माणसं येतील उपाशीपोटी,
बाही वर करून बसतील.

रिपोर्टचा प्रोग्रॅम चढवला.
म्हणाला, जागा नाही. ८०८० आधीच वापरात आहे.
पुन्हा चढवला. पुन्हा तेच.
पासष्ट हजार दारं आहेत या डब्याला,
पण पारडीचं सेंटर, हिंगण्याचं सेंटर, वरचा मजला,
सगळे याच एका दाराशी येऊन उभे राहतात.
त्यांना आता, या वेळी, नवा पत्ता कोण सांगणार?

मोरभवनहून सुटणाऱ्या बसमध्ये असतो ना,
खिडकीजवळच्या सीटवर रुमाल.
माणूस नाही.
कोणी आहे का हो इथं?
येऊन राहिला, म्हणतात शेजारचे.
बस सुटते, बर्डी मागे पडते,
आणि रुमाल एकटाच तिकीट न काढता चाललेला असतो.

मशीनला विचारलं, कोण बसलंय?
त्यानं नंबर सांगितला. ३१७.
आणि मालक: निमजे.

उज्ज्वल निमजे! खिशाला दोन पेनं,
दोन्ही न चालणारी.
चार वर्षं झाली त्याला जाऊन,
रायपूरला, सासऱ्याच्या टाइल्सच्या दुकानात.

त्याची वही उघडली. दर दहा मिनिटांनी एक ओळ.
रक्ताच्या फ्रीजचं तापमान:
४.१
४.३
३.९
एका रात्री ११, मग १४, मग
‘उज्ज्वलला फोन लावला.’
मग ९. मग ५. मग पुन्हा आपलं ४.
तो आला असणार स्कूटरवर, रात्री, बर्फाची लादी पायाशी धरून.
आम्हाला कुणाला सांगितलं नाही त्यानं.

पुढे तो फ्रीज भंगारात गेला. पावती मीच फाडली होती.
त्यानंतर वहीत:
फ्रीज सापडत नाही.
फ्रीज सापडत नाही.
दोन वर्षं. दिवसरात्र. दिवाळीतसुद्धा.
एक लाखाच्या वर वेळा त्यानं हाक मारली
आणि एकदाही आवाज चढवला नाही.

मारायचे दोन नंबर असतात.
नऊ म्हणजे मान पिरगाळायची, हातातलं हातातच.
पंधरा म्हणजे सांगायचं, बाबा, आवर आता.
घाई मला होती. तरी पंधरा दाबला.

त्यानं आवरलं. शेवटची ओळ लिहिली:
‘बंद होतोय. फ्रीज सापडला नाही.’

तरी दार मोकळं होईना.
माणूस उठला तरी मशीन मिनिटभर जागा धरून ठेवतं,
एखादं उशिरा निघालेलं पत्र अजून वाटेत असेल म्हणून.
कुणाचं पत्र? बहुतेक माझंच.
मघाशी मीच डोकावले होते ना आत.

त्या मिनिटात मी कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या.

मग चढला प्रोग्रॅम. पारडी आली, हिंगणा आला,
पहिला कागद निघाला, फुलवंता उईके, साखर, उपाशीपोटी.
मी निमजेला मेसेज टाकला:
तुझा फ्रीज विकला रे आम्ही. दोन वर्षं झाली.

सहाला उत्तर आलं. कधी विकला, कितीला, काही नाही.
शेवटचं किती होतं?

मी वर गेले, लाखभर ओळी वर.
४.२, लिहिलं.

मग बरोबर आहे, म्हणाला.