सकाळी एक

चिठ्ठीवर लिहिलंय : सकाळी एक.
पण डॉक्टर, कुठली सकाळ?
तीस वर्षं रातपाळी केली मी
अक्कलकोट रोडच्या शेडात.
माझी सकाळ संध्याकाळी साडेपाचला व्हायची,
नरसम्मा चहा ठेवायची तेव्हा,
आणि बोळातली पोरं अंधाराच्या आत
शेवटचा डाव उरकत असायची.
विचारणार होतो.
पण मागं नव्वद माणसं रांगेत,
नर्सनं दंडाचा पट्टा सोडला,
म्हणाली, एकशेऐंशी, मीठ कमी करा, पुढचा या.

मीठ.
शेंगाचटणीतलं की लोणच्यातलं,
की मे महिन्यात शेडात
बनियनवर पांढरं वाळतं ते?

पहिला महिना नेमानं घेतली.
काही बरं वाटलं नाही,
कारण आधी वाईट कुठं वाटत होतं?
मग सोडली.
तरी काही झालं नाही.
डोकं दुखलं तर एक घ्यायचो,
मेव्हण्याशी वाजलं त्या दिवशी दोन.
कधी गोळी पांढरी मिळायची, कधी गुलाबी,
कधी खिडकीतून आवाज : संपली, बाहेरून घ्या.
बाहेर गड्डा भरला होता.
त्या पैशात मी नातीला पाळण्यात बसवलं.
वर गेल्यावर ती ओरडली, आजोबा, अख्खं सोलापूर!
आता सांगा, गोळी कोण आठवणार?

मागावर कसं असतं बघा,
ताण्याच्या धाग्याधाग्याला एक पत्री टांगलेली.
धागा तुटला की पत्री पडते,
पत्री पडली की माग थांबतो,
कुणी हाक मारायला लागत नाही.
समोरच्या मागावरचा इरप्पा
उभ्या उभ्या कलला,
तोंड वाकडं, हातात कांडी,
आणि माग चालूच.
खट्याक खट्याक.
दीड वीत चादर विणून झाल्यावर
कुणाचं तरी लक्ष गेलं.
धागे सगळे शाबूत होते.

तेव्हापासून गोळी नरसम्माच्या हातात.
तिला लिहिता येत नाही, पण
पंचवीस विड्यांचा कट्टा ती न बघता बांधते,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
आमच्या बोळात नळ पाच दिवसांनी येतो.
तिनं हिशोब लावला :
दोनदा पाणी भरलं की पाकीट संपलं पाहिजे.
संपायचं.
कधी खंड पडला नाही,
खिडकीतून "संपली" आलं त्या महिन्यातसुद्धा.
मी विचारलं नाही. पुरुषासारखा जगलो,
ताटात येतं ते कुठून येतं, न विचारता.

परवा कारखान्यात तपासणी आली,
विडीवाल्या बायकांची.
नरसम्माचा आकडा दोनशेच्या वर.
मावशी, तुम्हाला गोळ्या दिल्या होत्या ना?
घेत होते की, ती म्हणाली.
घरी येऊन तंबाखूच्या डब्याखालचा डबा उघडला मी.
पानं कापायच्या कात्रीनं कापलेल्या
अर्ध्या अर्ध्या गोळ्या,
काही तर पाव,
विडीच्या दोऱ्यानं बांधलेल्या कागदात.
चादरीत एक धागा सुटला
तर दहा फुटांवरून दिसतो मला.

काय बोलणार?
ती सूप मांडीवर घेऊन बसली होती.
म्हणाली, तुला झालं असतं तर उचलायला चौघं लागली असती,
मी काय, एकटीनं उचलण्यासारखी आहे.
आणि हसली बाई.
मला हसू आलं नाही.

आता निवृत्त माणसाची सकाळ
सकाळीच होते.
दोन पाकिटं, दोन पेले.
पाणी आलं की नाही, हे कॅन बघून कळतं,
रक्ताचं काही कळत नाही,
तिथं कुणी पत्री बसवलेली नाही.
म्हणून मी विचारतो, घेतली?
घेतली.
जीभ दाखव.
ती दाखवते, तंबाखूच्या धुळीनं शिंकते,
मग म्हणते,
आता तू.