उसना नायक

डंडीत, टे नदीच्या काठी,
तागाच्या जुन्या गिरणीचा तिसरा मजला.
खाली सायकलींचं दुकान, वर आम्ही अकरा जण
आणि एक उसना नायक.

कॅप्टन ड्रेल. तीन चित्रपट, दोनशे खेळणी,
मोज्यांवर, डब्यांवर, टूथपेस्टवर त्याचा जबडा.
चौथा चित्रपट नोव्हेंबरात,
त्याच शुक्रवारी आमचा गेम.
असले गेम कसे होतात, सगळ्यांना ठाऊक:
पाट्या टाकायच्या, पैसे घ्यायचे,
आणि जानेवारीत सवलतीच्या टोपलीत
आपलंच काम पालथं पडलेलं दिसलं
की रस्ता ओलांडायचा.

बरबँकहून नियमांची वही आली, एकशे चाळीस पानं.
कोट निळा, आणि निळा म्हणजे हाच निळा.
ड्रेल मरणार नाही.
ड्रेल हरणार नाही.
ड्रेल कधीही बसलेला दिसणार नाही.
लॉर्न पेट्री म्हणाला, "हा खेळ नाही, मिरवणूक आहे."
आणि पाय आपटत पाय खायला गेला,
म्हणजे आमच्याकडची खिम्याची, गरम, कागदात गुंडाळलेली पाय.

परत आला तो धुक्यात बस चुकवून,
मिशीवर पाणी, डोक्यात काहीतरी.
"मरत नाही ना? नको मरू दे.
पडला, की तो उशिरा पोहोचेल.
बस्स. उशिरा."

तेवढ्यावर सगळं फिरलं.
उशिरा पोहोचलं की सूप निवलेलं,
दुकानाची फळी लागलेली,
ज्या मुलाला पत्र द्यायचं होतं
ते खिडकीशीच झोपलेलं,
गालावर चौकटीचा वळ.
मी त्या मुलाची आई लिहिली.
ती रागावत नाही. फक्त दार हळू लावते.

सात ग्रहांएवढं अंथरूण नव्हतं,
एका बंदराएवढं होतं.
मग तेच बंदर विणलं, दारन्‌दार:
ठोठावलं की प्रत्येक दार उघडतं,
आत प्रत्येक जण बसलेला,
कारण तो एकटाच बसू शकत नाही.

इशबेल रॅट्रे चालणी बनवायची.
तिने त्याची डावी टाच जराशी ओढली,
जहाजापासून लांब गेलं की जराशी जास्त.
बरबँकहून लाल शेरा: "टाच घासते. चूक?"
तिने लिहिलं, "नाही. तिसरा चित्रपट,
बंदरावरून परततानाचा प्रसंग,
दोन सेकंद. पाहा."

चार दिवस काही नाही.
लॉर्नने नखं संपवली.
पाचव्या दिवशी दोन ओळी आल्या:
"पाहिलं. आमच्या लक्षातच नव्हतं.
राहू द्या."

अंगण वाकडंच होतं हो,
आम्ही नाच त्याला धरून बसवला.
आणि कुणी डोकावत नव्हतं, हेही खरं.
ज्याच्याकडून काही मागितलं जात नाही
त्याला कधी कधी वेळ मिळतो
चांगलं काहीतरी ठेवून जायला.
कधी कधी. नेहमी नाही;
मी याआधी अशा चार गेमांत होतो,
त्यांची नावं सांगणार नाही.

शेवटच्या आठवड्यात वेष्टन आलं.
त्यावर ड्रेलच्या हातात बंदूक.
आमच्या गेममध्ये बंदूकच नाही.
कुणी काही बोललं नाही. छापून झालं होतं.

त्या रात्री अडीच वाजता
चुका शोधणारी विक्टोरिया सोबचाक अजून खुर्चीत,
तिची यादी दुपारीच संपलेली.
पडद्यावर बंदर, पहाट, ओला धक्का,
ड्रेल चालतोय, टाच घासत.
मी विचारलं, "काय सापडलं? नंबर सांग, नोंदवतो."
तिने मान वळवली नाही.
"काही नाही," म्हणाली,
"नुसती चालतेय."