तीस अंश

येवद्याच्या फाट्यावर माझं गॅरेज.
बोअरला खारं पाणी:
पाना धुऊन ठेवला की सकाळी तांबूस.
आमच्याकडे संत्री होत नाहीत,
नारिंगी म्हणजे मला एकच ठाऊक,
हायब्रिडच्या पोटातली जाड वायर.
हात लावण्याआधी दहा मिनिटं थांबायचं,
अन् तरीही लावायचा नाही.

मुरलीधर ढोक जिनिंगच्या वजनकाट्यावर
एकतीस वर्षं होते.
काट्याखाली खडा सरकवणाऱ्या मालकाच्या पोराला
त्यांनी भर हंगामात चारचौघांत उभं केलं होतं.
तेच ढोक, नागपूरहून जुनी गाडी घेऊन आले,
बॉनेटवर थाप मारून म्हणाले,
"माह्या छतावर सोलर हाय बाप्पा.
हिले पेट्रोल कायले पाजाचं?
ते इंजिन मारून टाक."

बटण होतं गाडीला, निव्वळ विजेचं.
दोन किलोमीटर मुकाट चालायची,
मग इंजिन आपणहून जागं व्हायचं.
"बेइमान हाय," ढोक म्हणाले,
"झोपली म्हणते, अन् उठते."

मी मागची सीट उचलून दाखवली.
ही बॅटरी म्हणजे शिदोरी नाही काका,
घोटभर पाणी आहे.
इंजिन उठतं ते हिची तहान बघून.
पंख्याच्या जाळीवर सरकीचा कापूस
नमद्यासारखा बसलेला, तो सोलून हातात दिला.
विमेवाला एकदा वाकून बघेल, म्हटलं,
आणि फाइल मिटेल.
आरटीओच्या कागदावर पेट्रोल लिहिलंय.

त्यांनी सगळं ऐकलं,
नमदा खिशात ठेवला, कशाला कुणास ठाऊक,
आणि म्हणाले, "मंग कवा करतं?"

केलं मी.
नाही म्हणायला जीभ होती. पण हात शिकायला आसुसलेले.
मुज्जू रबरी मोजे चढवत होता,
मी एक हिसकून तोंडाने फुगवला, कानाशी धरला:
करंगळीतून बारीक सुस्कारा.
त्या रात्री तरी तिथेच थांबायला हवं होतं.
दुसरा जोड मागवला.

बाहेरून चार्ज करायची सोय केली,
डब्यात जुन्या बॅटऱ्यांची आणखी एक चळत.
तरी मेंदू ऐकेना. ऊन वाढलं की इंजिन.
मग तापमापकाची तार तोडली
आणि तिच्या जागी दोन रुपयांचा एक रेझिस्टर जोडला,
गव्हाच्या दाण्याएवढा.
तो गाडीला एकच वाक्य सांगत राहिला:
तीस अंश आहे. तीस अंश आहे.

वैशाखात दर्यापूर सेहेचाळीसवर गेलं.
तारांवर कावळासुद्धा बसेना.
ढोकांची गाडी गावातून सुं करून जायची,
शेळ्या बाजूला होत नसत, ऐकूच येत नसे,
आणि पडद्यावर तीस.
पंखा निवांत. का नाही राहणार?
त्याचा माझ्यावर विश्वास होता.

फोन आला तेव्हा ते हसत होते.
"नात म्हणते, आबा, सीट इस्तरीवानी लागते.
पोरगी नाजूक हाय."

मी डबा टाकून निघालो.
म्हैसांगच्या अलीकडे, बाभळीच्या विरळ सावलीत
गाडी उभी. काचा बंद. मागे पोरगी झोपलेली,
गालावर शिवणीचा ठसा.
तिला आधी उचललं.
मग सीट. मग वास,
गोडसर, जळक्या गुळाच्या कढईसारखा.
चळतीतला एक डबा पोट फुगवून बसला होता.
बाकीचे त्याच्याकडे बघत असावेत तसे गप्प.

मोजे घालून बसलो. दहा मिनिटं.
रस्त्यावर एक ट्रॅक्टर गेला, ढेपेची पोती घेऊन.
ढोक उन्हात उभे होते, डोक्याला दुपट्टाही नाही.
"खडाच ठेवला म्हणायचा," ते म्हणाले,
माझ्याशी नाही बहुतेक.

चळत बाहेर काढली, दूर ढेकळांत ठेवली.
रेझिस्टर कापला, जुनी तार जोडली.
पडद्यावर त्रेसष्ट.
पंखा असा ओरडला की पोरगी जागी झाली.
मग इंजिन सुरू झालं, कुणीही न सांगता.
ढोकांचा हात बटणाकडे गेला,
तिथेच थोडा वेळ राहिला, आणि परत आला.
"बोलू दे तिले," ते म्हणाले.

पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी दिलेही नाहीत.
तो दाणा माझ्या गल्ल्यात आहे, चिल्लरीत.
काल दुपारी पत्रा तडतडत होता
तेव्हा मल्टिमीटर लावून पाहिला.
तीस.